सरकारांची उतरण्याची रीत

कोल्हापूरजवळच्या माळावर हौशी घोडेस्वारांच्या क्लबांची स्पर्धा भरली आणि पावसाने मैदानाची पार रबडी करून टाकली. शेवटच्या फेरीला रणधीरराव सरकारांचा संघ थोडासा पुढे होता आणि पाठोपाठ दातांच्या डॉक्टर केतकी जाधवचा. मांडव सरकारांचा, बक्षिसाची ढालही त्यांनीच दिलेली. त्यामुळे पंचसुद्धा त्यांच्यापुढे जपूनच बोलायचे.

केतकीची फेरी सुखरूप पार पडली. मग सरकार निघाले. शेवटच्या अडथळ्यापाशी घोडा गपकन थांबला, सरकार मात्र थांबले नाहीत. घोड्याच्या कानांवरून ते थेट चिखलात!

पडला तो बाद, उतरून पुन्हा चढला तर चालतं, असा नियम. सरकार मिशीतला चिखल पुसत गरजले, "पडलो असं कोण म्हणतं? मी उतरलो! आमच्या घराण्यात असंच उतरतात."

पंचांची दातखीळ बसली. ती सोडवायला दातांची डॉक्टरच पुढे झाली.

"सरकार उतरलेच," केतकी अदबीने म्हणाली. "पण ही रीत आम्ही आज पहिल्यांदा पाहिली. आपण घोड्यावर बसा आणि पुन्हा एकदा तस्संच उतरून दाखवा. आमची मंडळीही शिकतील."

घोडा पुढे आणला गेला. सरकारांनी घोड्याकडे पाहिलं, चिखलाकडे पाहिलं आणि हळूच कंबर चोळली.

"पंच," ते म्हणाले, "पडलो म्हणा."

पडलो तरी नाक वर, म्हणतात. केतकीला ढाल देताना सरकारांचंही वरच होतं, फक्त त्यावरचा चिखल पुसायचा राहिला होता.