सत्कारमूर्ती मोहरी

झाडं जनावरांना तोंडावर बोलायची, त्या काळातली गोष्ट. ओढ्याकाठच्या मातीत सेलेनियम नावाचं विष इतकं साचलं होतं, की तिथलं गवत खाऊन चांदी म्हशीच्या शेपटीचे केस झडले. आता माश्या हाकलायच्या कशा?

मग तिथे मोहरी उगवली. ती मुळांनी विष ओढून पोटात साठवू लागली. हवेत लसणासारखा वास सुटला. "शेजार नासवला या बयेनं!" म्हणत चांदीनं नाक मुरडलं.

पण हळूहळू माती निवळली, गवत सुधारलं आणि शेपटीला पुन्हा झुबका आला. चांदी विरघळलीच. तिनं मोहरीचा जाहीर सत्कार ठेवला आणि अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. भाषण लांबलं, तशी तिला भूक लागली. वासाची नाकाला सवय झालीच होती. "मोहरीनं आपल्यासाठी काय नाही केलं!" असं गहिवरून म्हणत तिनं अल्पोपहार म्हणून अर्धी सत्कारमूर्तीच फस्त केली.

थोड्याच दिवसांत शेपटी परत बोडकी.

"अगं, तूच तर विष काढलं होतंस ना?" चांदी रडकुंडीला आली.

"काढलं होतं. पण ठेवलं कुठे, ते विचारलंस?" उरलेली मोहरी तडतडली. "घर स्वच्छ झालं म्हणून कुणी केराची सुपली चाटतं का, अध्यक्षीणबाई?"