चाळीसाव्याचं सालन

"सगळे चांगलं झालंय म्हणाले, उस्ताद... मग ताट का उरलं?"

यासीन शिकलगारनं हे उभ्याउभ्याच विचारलं. पायातल्या चपला काढायचंही भान त्याला राहिलं नव्हतं.

दस्तगीर उस्ताद चुलीपुढं बसून कांदा चिरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय शिजवलं हुतंस?"

"बड्याचं गोश्त."

म्हशीच्या गोश्ताला त्या भागात बड्याचं म्हणतात.

"कसं?"

हा प्रश्न यासीनच्या आवडीचा. तो लगेच खाली बसला. मस्कतच्या मोठ्या हॉटेलात त्यानं कित्येक वर्षं चुलीपुढं काढली होती, आता मिरजेत स्वतःचं हॉटेल टाकलं होतं, आणि स्वयंपाकाचा विषय निघाला की गडी दुसऱ्याला बोलू द्यायचा नाही.

"पोटरीचं गोश्त आणलं. दह्यात मुरवलं. मग स्लो कुकरला लावलं. विजेवर चालतो, मस्कतहून आणलाय. मंद आच आपला आपण धरतो, बघायला नको. सकाळी लावलं, संध्याकाळी हाडावरून आपोआप सुटत होतं. पोरांसाठी तिखट बेताचं. अब्बांना चावत नाही, त्यांचे तुकडे बारीक. बायकोला रस्सा लागतो..."

"म्हंजे सगळ्यांची मर्जी राखलीस."

"राखली."

"आन् ताट उरलं."

"उरलं," यासीन म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता.

त्याच्या घरी एकाच मोठ्या ताटात जेवायची रीत होती. दस्तरखान अंथरायचं, मधोमध परातीएवढं ताट ठेवायचं, भोवती सगळ्यांनी बसायचं. अशा ताटात काही उरत नाही. शेवटचा तुकडा हा त्याच्याकडं सरकवतो, तो ह्याच्याकडं, आणि त्यावरून हसणं-खिदळणं होतं. त्या रविवारी मात्र सगळ्यांनी "झकास झालंय" म्हटलं आणि हात धुतले. अब्बांनी दोन घास खाल्ले, तेही लेकाचं मन राखायला. यासीनच्या बायकोनं भरलेलं ताट उचलून आत नेलं, तेव्हा कुणी कुणाकडं बघितलं नाही.

"आमच्या लहानपणी तुमच्या हातच्या रस्सेदार सालनासाठी भांडणं लागायची," यासीन म्हणाला. "ते मला शिकवा. मी पुन्हा सगळ्या घराला बोलावणार आहे."

"सगळ्या?"

"सगळ्या."

उस्तादांनी सुरी खाली ठेवली आणि त्याच्याकडं बघितलं.

"बस मंग," ते म्हणाले.

दस्तगीर उस्ताद एके काळी लग्नाघरचे बावर्ची. त्यांच्या मोठाल्या देगा चुलीवर चढल्या की लोक मुहूर्त विसरून वासावर यायचे. म्हातारपणी बायको गेली, मूलबाळ नव्हतं, तेव्हा हे ओढ्याकाठच्या एका लहानशा दर्ग्यामागं येऊन राहिले. दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, एक देग चढवायची आणि दारात येईल त्याला वाढायची, एवढंच आता त्यांचं काम. लोक त्यांना फकीर म्हणत. यासीन तरुणपणी त्यांच्या हाताखाली शिकायला होता. आता शिकायला होता म्हणायचं ते आपलं म्हणायचं. सगळं आलं असं वाटलं त्याच दिवशी तो निघून गेला होता.

आजही जुम्मेरातच होती.

उस्तादांनी तेलात कांदा टाकला.

"अजून थोडा लाल होऊ द्या," यासीन म्हणाला.

उस्तादांनी गोश्त घातलं.

"आलं-लसूण आधी परतलं असतं तर..."

उस्तादांनी पाणी ओतलं, मीठ घातलं, झाकण ठेवलं. कणकेची लांब वळी करून झाकणाच्या कडेनं दाबत गेले, कुठं फट राहिली नाही असं बघितलं. मग चुलीतली लाकडं मागं ओढली आणि नुसत्या निखाऱ्यांवर देग सोडून दिली.

"आता?" यासीननं विचारलं.

"आता काय न्हाई."

"म्हणजे?"

"बसायचं."

यासीन बसला. ऊन अंगणात आलं. दर्ग्याच्या पायरीवर एक कुत्रं झोपलं होतं, त्यानं कूस बदलली. यासीननं मोबाईल काढला, ठेवला, पुन्हा काढला. हॉटेलात त्याच्या हाताखालची माणसं वाट बघत असतील. इथं तर हा म्हातारा डोळे मिटून बसलेला. स्लो कुकरनं हेच केलं असतं आणि आपण तेवढ्यात चार कामं उरकली असती, असं त्याच्या मनात आलं. त्याची थोडी त्यालाच लाज वाटली. तरी वाटायचं ते वाटलंच.

दुपार झाली. देगीतून कसलाच आवाज येईना.

यासीननं हळूच हात पुढं केला. नख लावून कणीक थोडी उचकटणार, तेवढ्यात उस्तादांचा हात त्याच्या मनगटावर आला. डोळे मिटलेलेच होते.

"नुसतं बघतो, उस्ताद. मीठ कमी वाटतंय मला. चाखून घेतो जरा."

"चाखणार?"

"चाखल्याशिवाय कसं कळायचं?"

उस्तादांनी डोळे उघडले. मग म्हणाले,

"मागं एकदा चाखलं हुतंस की."

यासीनचा हात तिथंच राहिला.

"...तुम्ही होता तिथं?"

"मागं बसलो हुतो. भिंतीच्या कडंला."

त्याच्यापुढं ती दुपार उभी राहिली. अम्मीचा चाळीसावा, ती गेल्यानंतरच्या चाळीसाव्या दिवसाचं जेवण.

अम्मी वर्षभर अंथरुणाला खिळून होती. यासीन मस्कतला. पैसे पाठवायचा, फोन करायचा, येतो येतो म्हणायचा. धाकटा भाऊ मौला तिच्या उशाशी होता. गॅरेजात इंजिनं उघडणारा माणूस, पण अम्मीचं अंथरूण-पांघरूण, औषधं, जेवण, सगळं तोच बघायचा. अम्मी गेली तेव्हा यासीनला रजा मिळाली नाही. मातीला तो नव्हता. पोचला तो थेट चाळीसाव्याला.

त्या दिवशी स्वयंपाक मौलानं केला होता. गेलेल्या माणसाच्या आवडीचं करायचं, अशी त्यांच्यात पद्धत. यासीन दारातून सरळ चुलीशी गेला. झाकण काढलं, पळीनं रस्सा तळहातावर घेतला आणि चाखला.

"हे काय शिजवलंस? पाणी आहे हे नुसतं," तो म्हणाला होता. सगळ्या पाहुण्यांसमोर. "सरक बाजूला."

मग त्यानं बाह्या सरसावल्या. खोबरं भाजलं, मिरच्या भाजल्या, तूप तापवून वरून फोडणी ओतली. हातासरशी सगळं सालन लालभडक करून टाकलं. पाहुणे बोटं चाटत जेवले. मस्कतच्या उस्तादाची वाहवा झाली, आणि त्या वाहवेत यासीनला थोडा वेळ अम्मी गेल्याचाही विसर पडला.

मौलानं हात धुतले. बायकोला, पोरांना उठवलं. न जेवता निघून गेला.

"काय नाजूक माणूस आहे," यासीन तेव्हा म्हणाला होता. हेसुद्धा सगळ्यांसमोर.

आता चुलीपुढं बसून त्याला उस्तादांकडं बघवेना.

"मला नंतर कळलं," तो म्हणाला. "जुलेखानं सांगितलं, मौलाच्या बायकोनं. अम्मीला शेवटी तिखट चालत नव्हतं. मसाला लागला की घसा सोलवटायचा तिचा. मौला बड्याचं गोश्त दिवसभर शेगडीवर ठेवायचा. दुधी घालून. हळद आणि मीठ, दुसरं काही नाही. बोटानं कुस्करून भरवायचा तिला. त्या दिवशी त्यानं..."

त्यानं खालची एक काटकी उचलली, मोडली.

"त्या दिवशी त्यानं तेच केलं होतं. तिला शेवटी जे गोड लागायचं, तेच. आणि मी त्यात फोडणी ओतली."

"व्हय."

"मला काय माहीत होतं, उस्ताद?"

"तुला कुठं काय म्हाईत हुतं," उस्ताद म्हणाले. त्यात टोचणी नव्हती, आणि तेच यासीनला जास्त लागलं. कुणीतरी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. अब्बांनी सुनावलं नाही, बायकोनं नाही, मौलानं तर तोंडच बंद केलं. वर्ष उलटून गेलं होतं.

"येतो का त्यो तुझ्याकडं?"

"नाही. बोलावणं धाडतो, त्याची पोरं येतात, त्याच्याकडं राहणारे अब्बा येतात. तो येत नाही. म्हणून तर शिकायला आलोय. असं सालन करायचं की... नुसता वास पोचला तरी यावा तो."

उस्तादांनी निखारे थोडे पुढं ओढले.

असरची, दिवस कलतानाची नमाज झाली तशी माणसं यायला लागली. बाजारातले हमाल, फुलं विकणारी म्हातारी, कुणी वाटसरू. उस्तादांनी कणीक फोडली. झाकण उचललं आणि वाफेबरोबर असा वास आला की यासीनच्या तोंडाला पाणी सुटलं. सकाळपासून त्याच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. हॉटेलवाला माणूस, दिवसभर हे चाख ते चाख करत हिंडणारा. खरी भूक लागून त्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

उस्ताद वाढत गेले. गोश्त पळीच्या धक्क्यानं सुटत होतं. यासीन ओळीच्या शेवटी जाऊन बसला, ताटली पुढं धरून. इथं आपण उस्ताद नाही, शागीर्द आहोत, एवढं त्याला समजत होतं. शेवटी देणार म्हणजे शेवटी.

उस्ताद त्याच्यापर्यंत आले. थांबले. मग वळले आणि पळीतलं शेवटचं गोश्त फुलवाल्या म्हातारीच्या ताटलीत दुसऱ्यांदा वाढलं.

देग त्यांनी पालथी घातली.

"उस्ताद... मला?"

"तुला काय?"

"दिवसभर बसलोय मी इथं!" त्याचा आवाज चढला. हमालांनी माना वळवल्या. "घास नाही, काही नाही... चाखूसुद्धा दिलं नाहीत. पोटात आग पडलीय नुसती."

"भूक लागलीया?"

"लागलीय."

"लई?"

यासीनच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. भुकेनं आलं की कशानं, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"लई लागलीया, उस्ताद," तो म्हणाला. घरात अम्मीशी बोलायचा तसं.

उस्तादांनी त्याच्या हातातली ताटली काढून घेतली.

"मौला या टायमाला घरी असतोय?"

"असतो... गॅरेज बंद करून येतो." यासीन गडबडला. "पण तिथं कसा जाऊ मी? कुठल्या तोंडानं? निदान हॉटेलातून काही बांधून घेतो. अब्बांना आवडतं ते, पोरांना..."

"काय न्यायचं न्हाई."

"रिकाम्या हातानं?"

"व्हय."

फुलवाली म्हातारी ताटली पुसून खात होती. ओढ्यापलीकडच्या वस्तीत चुली पेटायला लागल्या होत्या. यासीननं चपला पायात घातल्या, आणि तसाच उभा राहिला.

"तो दारातच विचारील, कशाला आलास म्हणून... काय सांगू, उस्ताद? माफी मागू?"

दस्तगीर उस्ताद पालथी देग घासायला बसले होते. त्यांनी राखेचा हात थांबवला नाही.

"भूक लागलीया म्हण."