वीणेच्या पुढे धावणारा पोपट

अगदी खरी गोष्ट आहे, गळ्याशपथ. फार पूर्वी एक अफाट मोठं राज्य होतं. अफाट म्हणजे, दोन गावं आणि मधला ओढा. बरं, ओढा नव्हता. पण राजा होता, आणि त्याच्या पदरी एक वीणावादक होता, हे मात्र त्रिवार सत्य.

या वीणावादकाची एक खोड होती. दुसऱ्याचं वाद्य वाजू लागलं की तो उठून पान खायला जायचा. म्हणायचा, "माझ्या वीणेत सगळं आहे. चामडी कशाला ऐकू?" साथीचा पखवाजवाला शेजारीच बसायचा. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायला तो कणीक भिजवू लागला, की याला वाटायचं, गरीब बिचारा, पोळ्यांची तयारी इथंच करतो!

एके दिवशी भर दरबारात त्याने तार छेडली. पुढचा सूर यायच्या आत राजाच्या पोपटाने तो शीळ घालून मोकळा केला. वीणावादकाने राग बदलला. पोपट पुढेच. लय वाढवली. पोपट समेवर आधी पोचला आणि मान खाजवत याची वाट बघत बसला! दरबाराने आ वासला.

राजा म्हणाला, "बुवा, याला तर तुमचं सगळं येतं. आणि एका पेरूवर भागतं त्याचं. उद्या सकाळी याला न येणारं काहीतरी वाजवा. नाहीतर तुमच्या बैठकीवर याचा पिंजरा ठेवू."

वीणावादक घरी आला. बोटं सोलवटली, पण जे वाजवावं त्याचं पुढचं त्याला स्वतःलाच आधी कळायचं. मग पोपटाचा काय दोष? शेवटी दुपारी तो मुकाट्याने पखवाजवाल्याच्या दारात उभा राहिला.

"पखवाजीबुवा, जरा वाजवता का? ऐकायला आलोय."

पखवाजवाल्याच्या हातातून कणकेचा गोळाच निसटला. "अहो, कालपर्यंत मी 'अरे ए' होतो! पान संपलं वाटतं? अगं ए, बाहेर ये, बघ कोण ऐकायला आलंय!"

वीणावादकाचे कान लाल झाले. परत फिरावंसं वाटलं. पण तो बसला.

थाप पडली, घुमली. दुसरी येणार म्हणून त्याने मान पुढे केली, तर ती आलीच नाही. आणि ती आली तेव्हा अशा जागी आली, की तो बसल्या जागी दचकला.

"ही रिकामी जागा कुठून आणलीत हो?"

"रोज तुमच्या शेजारीच वाजवतो, बुवा. तुम्ही नसता."

"पुन्हा वाजवा," वीणावादक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने एक सूर छेडला आणि तळव्याने तार दाबली. पोपटाने ऐटीत पुढची शीळ घातली. वीणा गप्प. पोपट इकडेतिकडे बघू लागला. आणि मग कुणाच्या ध्यानीमनी नसताना खर्जाचा असा सूर घुमत आला, की पोपट दांडीवरून धप्पकन खाली पडला. राजा अर्धा उठला आणि तसाच राहिला. सगळ्यात जास्त हबकला तो वीणावादक. आपली वीणा असं बोलते, हे त्याला ठाऊकच नव्हतं!

तात्पर्य काय, तर आपलंच आपण ऐकत बसलो की आपलं पुढचं पोपटालाही कळतं. शेजारी कोण काय वाजवतंय, तिकडेही कान द्यावा.

आता कबूल करतो, पोपट मी घातलाय. पुढचे सूर आधी म्हणणारे खुद्द राजेसाहेब होते. आणि धप्पकन पडले, तेही तेच.