सात घरांवरचे ओळंबे

गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा दाराला कुलूप लावायची पद्धतसुद्धा निघाली नव्हती, यावरून काय ते समजा. डोंगराच्या कुशीतल्या एका गावात घोंगड्या विणणारे एक जोडपे राहत होते. झोपडी एवढीशी, आणि त्यात मागच पसरलेला. रात्री दोघे मागाखाली पाय घालून झोपत.

त्या वर्षी लेकीच्या सासरहून सांगावा आला. लेकीला दिवस गेले होते आणि पहिल्या बाळंतपणाला ती माघात माहेरी येणार होती. विणकरणीचे पाय जमिनीवर ठरेनात. पण लेकीला निजवायचे कुठे? वर्षानुवर्षे घोंगड्या विकून जमवलेले होते, त्यातून नवे घर बांधायचे ठरले.

जागेवर चुन्याच्या रेघा पडल्या, त्या दिवसापासून तिचे घर तिथे उभेच राहिले म्हणा. रोज संध्याकाळी ती रेघांमधून हिंडायची. "ही चूल. हा माग. आणि इथे पाळणा." विणकर एकदा सरळ रेघ ओलांडून आत आला, तर ती म्हणाली, "अहो, भिंतीतून काय येताय? दार तिकडे आहे."

बिचारा वळसा घालून दारातून आला.

त्या गावात एक रीत होती. काम सुरू करायच्या दिवशी गवंड्याला पुरणपोळीचे जेवण घालायचे आणि डोक्याला नवा फेटा बांधायचा. मग गवंडी आपला ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे की नाही ते दाखवणारे दोरीचे वजन, जागेवरच्या खांबाला टांगून ठेवी. एकाचा ओळंबा टांगलेला असला, की दुसरा गवंडी त्या घराला हात लावत नसे.

विणकरणीने बोलावलेला गवंडी हाताचा कसबी आणि जिभेचा गोड. पाच पोळ्या रिचवून, फेटा मिरवत तो म्हणाला, "वैनी, महिन्याभरात गृहप्रवेश. लेकीला खुशाल यायला सांगा."

आठवड्यात भिंती कंबरेएवढ्या झाल्या. ती आनंदाने सगळ्या गावाला सांगत सुटली. आणि गवंडी यायचा बंद झाला.

रस्त्यात गाठला, तर म्हणाला, "भिंत जरा बसू द्यावी लागते, वैनी." पुढच्या खेपेला म्हणाला, "चुना जितका मुरेल तितका चांगला." तो असे दोन गोड शब्द बोलला, की ती पुन्हा खुलायची आणि घरी जाऊन पाळण्याच्या दोऱ्या विणायला घ्यायची. मार्गशीर्ष सरला. भिंती होत्या तेवढ्याच राहिल्या.

तिने दुसऱ्या गवंड्याला विचारले. त्याने मान हलवली. "त्याचा ओळंबा आहे. मला हात लावता यायचा नाही."

शेवटी ती आपल्या गवंड्याला शोधायला निघाली. वाटेत एक अर्धे घर दिसले, कंबरेएवढ्या भिंती, खांबाला ओळंबा. पुढे दुसरे, तसेच. अशी पाच घरे तिने मोजली. सहाव्या जागेवर मात्र माणसे जमली होती, पुरण शिजल्याचा वास येत होता, आणि तिचाच गवंडी नवा फेटा बांधून घेत होता.

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या माणसाला घर बांधायची आवड नव्हतीच. त्याला आवड होती ती पहिल्या दिवसाची.

ती तिथे भांडली नाही. सहाही घरधन्यांना घेऊन ती गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या गवंड्याकडे गेली.

"आजोबा, ओळंब्याची ही रीत कुणी पाडली?"

"आमच्याच वाडवडिलांनी. एकाने घाम गाळायचा आणि दुसऱ्याने घर बळकावायचं, असं होऊ नये म्हणून."

"आणि घाम गाळायचंच सोडून दिलं असेल तर?"

म्हातारा म्हणाला, "ओळंबा घामाची राखण करतो, पोरी. घाम नाही, तिथे राखण कशाची? काढा ते सगळे."

सातही ओळंबे उतरले. त्याच दिवशी गावाने ठरवले, की यापुढे फेटा आणि पुरणपोळी शेवटच्या दिवशी, शेवटचा दगड बसल्यावर.

मग काय विचारता? दुसरे गवंडी कामाला भिडले. सातही घरची माणसे एकमेकांकडे दगड वाहू लागली, माती तुडवू लागली. माघात लेकीची बैलगाडी आली, तेव्हा छपरावर शेवटची कौले चढत होती. घरापुढचा ओटा तेवढा राहिला होता.

इकडे गोड बोलणाऱ्या गवंड्याला कुणी बोलावेना. ओटा राहिल्याचे ऐकून एके सकाळी तो विणकरणीच्या दारात उभा राहिला. फेटा नव्हता, नजर खाली होती.

"वैनी, एवढा ओटा मला करू द्या. जेवणही नको."

विणकर नको म्हणणार होता. तिने क्षणभर विचार केला आणि ओळंबा त्याच्या हातात ठेवला. "करा. पण पुरा करा."

चार दिवस तो मान वर न करता राबला. शेवटचा दगड बसला त्या दिवशी तिने त्याला आत बोलावले, तो दारातून आत आला. चूल पेटली होती. माग खटखटत होता. पाळण्यात चार दिवसांची नात झोपली होती. तो पाहतच राहिला. इतकी वर्षे घरे बांधली, पण आपण उचललेल्या भिंतींच्या आत पेटलेली चूल त्याने कधी पाहिलीच नव्हती.

विणकराने त्याच्या डोक्याला फेटा बांधला, तेव्हा त्याचे डोळे भरून आले.

तात्पर्य: कामाचा मान ते सुरू करणाऱ्याला नव्हे, तडीस नेणाऱ्याला द्यावा.