उजवं मडगार्ड

"कापू की नको, एवढंच सांगा उस्ताद. बाकी काही विचारायला मी आलो नाही."

म्हातारा दर्ग्याच्या ओट्यावर बसून उदाच्या भांड्यातली राख काढत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"काय कापायचंय?"

"मडगार्ड. उजवं."

"कुणाचं?"

"गाडीचं."

"मडगार्ड गाडीचंच असतंय रे. कुणाचं?"

रणजितने टेकडीखाली उभ्या टेम्पोकडे पाहिलं.

"भरमूचं," तो म्हणाला.

म्हाताऱ्याचा हात राखेत तसाच थांबला.

म्हातारा म्हणजे दस्तगीर उस्ताद. पत्र्याच्या कामात कोल्हापुरात त्यांच्या वरचढ कुणी नव्हतं. चेपलेली, चुरगळलेली गाडी त्यांच्या दारात सोडायची आणि निर्धास्त घरी जायचं. पुढे हात थरथरायला लागले, तशी एक दिवस त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि गावाबाहेरच्या टेकडीवर, पिराच्या दर्ग्यात येऊन राहिले. झाडलोट करायची, ऊद घालायचा, कुणी रडकं मूल आणलं तर त्याच्यावर फुंकर मारायची. टेकडी उतरून ते कधी खाली आले नाहीत.

त्यांनी दोघांना तयार केलं होतं. एक हा रणजित तोडकर. तो पुण्याला गेला, जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देण्यात त्याचं मोठं नाव झालं. दुसरा भरमू लोहार. तो आपल्या गल्लीतच राहिला, आणि गेल्या थंडीत वारला. मागे बायको राहिली, पाळण्यातली पोर राहिली, आणि एक अर्धी गाडी.

ती गाडी परदेशी होती. दोघांपुरती, वरून उघडी, शर्यतीत पळणाऱ्या जातीची. कधीकाळी कुणा संस्थानिकाने आणलेली. पुढे ती धडकली, उजवं मडगार्ड गेलं, इंजिन खोक्यात गेलं, आणि गाडी एका गोदामात कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी पडून राहिली. भरमूने ती घेतली. ती रणजितलाही हवी होती. तेव्हापासून दोघा गुरुबंधूंचं बोलणं बंद होतं.

आता रणजितने ती भरमूच्या बायकोकडून विकत घेतली होती.

"काय बिघडलंय त्या मडगार्डाचं?" उस्तादांनी विचारलं.

"डाव्याशी जुळत नाही."

"कशावरनं?"

"डावं कंपनीचं आहे. अस्सल. वरचा रंगसुद्धा जुनाच आहे, त्याला मी नख लावलेलं नाही. त्याच्यावरून पुठ्ठ्याचा फर्मा कापला. उलटा करून उजव्याला लावला. मधे बोट जातंय."

"बोट जातंय."

"सरळ बोट जातंय उस्ताद! आणि मरेपर्यंत तो तेवढं एकच करत बसला होता. इंजिन तसंच, सीटा तशाच, खाली फरशी नाही. मी असलं मडगार्ड आठ दिवसांत उभं करतो."

"खरं हाय. तू आठ दिवसांत करतोस."

रणजितला हे कसं घ्यावं कळेना.

"ठेव की मग हाय तसं. गाडी पळताना काय मडगार्ड आडवं येतंय?"

"पुण्यात जुन्या गाड्यांचा मेळा आहे. बघायला येणारे डोळ्यांत तेल घालून बघतात. दोन बाजू दोन तऱ्हेच्या दिसल्या तर हसतील."

"कुणाला?"

"...मला."

"आणि कापलंस तर?"

रणजितने चप्पल काढून ठेवली होती. तो अनवाणी पायाने फरशीवरचा एक खडा इकडून तिकडे करत राहिला.

"वहिनींनी गाडी देताना एकच सांगितलं," तो म्हणाला. "म्हणाल्या, भावजी, तेवढं एक त्यांचं पुरं झालंय. बाकीचं तुम्ही करा."

"म्हंजे कापलंस तर त्याचं काय उरंना."

"नाही उरत."

"आणि मी काप म्हणालो, तर ते माझ्या हातनं झालं. तुझ्या न्हाई."

"तसं नव्हे उस्ताद..."

"तसंच हाय लेका."

उस्तादांनी राखेचं भांडं बाजूला सारलं.

"गाडी कुठाय?"

"खाली. टेम्पोत."

"आण वर."

टेम्पो दर्ग्याच्या पटांगणात आला. फळ्या लावल्या. नवस फेडायला आलेल्या माणसांनी हात लावला. झोपलेलं लेकरू खाली ठेवताना मान सांभाळतात, तसा रणजित एका हाताने गाडीचं नाक सांभाळत होता.

दाराशी फुलं विकणारी शेवंतामावशी टोपली सोडून बघायला आली.

"अगं बाई! ही एवढीच? बाकीची वाटंत सांडली व्हय रं?"

"जोडायची आहे अजून मावशी."

"पुढं एवढं लांबडं नाक, आणि बसायला दोघंच? मग लेकरं कुठं बसायची?"

"ही लेकरांची गाडी नव्हे."

"मग काय कामाची?" मावशी म्हणाली. पण ती तिथून हलली नाही.

गाडी उन्हात उभी राहिली. डावी बाजू जुन्या गर्द हिरव्या रंगाची, धुळीने मळलेली. उजवी बाजू नुसता उघडा पत्रा. करडा, मुका. घासून घासून त्याची चमक गेलेली. बघणाऱ्याने बघून पुढे जावं, असा.

उस्ताद काठी टेकत आले. डाव्या बाजूला गेले नाहीत. उजवीकडे आले, आणि ताप बघायला कपाळावर हात ठेवतात तसा त्यांनी त्या पत्र्यावर उलटा हात ठेवला.

बराच वेळ ठेवला.

हात थरथरत होता. पत्र्यावर ठेवल्यावर थरथरायचा थांबला...

"मावशी," ते म्हणाले, "घागर आण."

"पाणी?" रणजित दचकला. "उस्ताद, उघडा पत्रा आहे. गंज चढेल."

"बघून झालं की पूस. वरनं ओत. धार तुटू देऊ नको."

रणजितने घागर उचलली. गाडीच्या दिव्याच्या खोबणीपासून तिच्या दारापर्यंत त्याने पाणी सोडलं.

आणि मडगार्डात आभाळ उतरलं.

मुका पत्रा ओला झाला तसा आरसा झाला. त्यात वरचं निळं होतं, कडुलिंबाची एक फांदी होती, आणि एक पांढरा ढग होता. ढग वाऱ्यावर होता. तो दिव्याशी शिरला, मडगार्डाच्या चढावर चढला, माथ्यावर आला, तिथून उतरला आणि दाराच्या कडेला जाऊन दिसेनासा झाला.

कुठेही वाकला नाही. कुठेही लांबला नाही. कुठेही थांबला नाही.

शेवंतामावशीचे हात आपोआप जोडले गेले. फळ्या धरणारी माणसं बोलायची थांबली.

रणजित गुडघ्यावर बसला. गाल पत्र्याला टेकवून, एक डोळा मिटून त्याने सगळ्या लांबीवर नजर टाकली. उठला. दुसऱ्या टोकाला गेला, तिथून पाहिलं. पाणी सुकत आलं तसं त्याने पुन्हा ओतलं, कुणी न सांगता. दुसरा ढग आला. तोही तसाच गेला.

मग त्याने मडगार्डाच्या आत हात घातला, जिथे चिखल उडतो आणि कुणी बघत नाही. आतल्या अंगाला हातोडीचे ठसे होते. बारीक, तांदळाएवढे. बोटं फिरवत तो कोपरापर्यंत आत गेला. एकही ठसा दुसऱ्यावर चढलेला नव्हता.

"उस्ताद..." त्याने हात बाहेर काढला. "हे कसं केलं त्यानं?"

"मला नको विचारू."

"तुम्हीच शिकवलंत की आम्हाला."

"हे न्हाई शिकवलं. हे मला येत न्हाई."

रणजित त्यांच्याकडे बघतच राहिला. दस्तगीर उस्तादांच्या तोंडून हे वाक्य कुणी कधी ऐकलं नव्हतं.

पाणी ओघळून मातीत जिरत होतं. रणजित पुन्हा बोलला, पण आता हळू. घरात बाळ झोपलं असताना बोलतात तसं.

"देखणं आहे. कबूल. माझ्या हातनं जन्मात होणार नाही. पण उस्ताद, चुकलंय ते चुकलंयच ना? डाव्याशी जुळत नाही."

"डाव्याशी जुळत न्हाई."

"हां."

"मग डावं धू."

"त्याला काय बघायचं? ते कंपनीचं..."

"धू."

रणजितने घागर घेतली. डावीकडची धूळ धुतली, फडक्याने पुसली. हिरवा रंग चकाकला. मग तो बाजूला उभा राहिला, आणि ढग आला.

दिव्याशी शिरला. चढावर चढला. माथ्याच्या जरा अलीकडे अडखळला.

एवढासाच. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी, तसा. मग सावरून पुढे गेला.

"ढग फाटका असंल," मावशी म्हणाली.

"हां, ढगच तसा असेल," रणजित घाईने म्हणाला.

दुसऱ्या ढगाची वाट पाहिली. तो अखंड होता. तोही तिथेच अडखळला.

रणजितचा चेहरा उतरला. तो पुढे वाकला, आणि आतापर्यंत ज्याला नख लावलं नव्हतं त्या रंगावर त्याने तळहात ठेवला. डोळे मिटले. हात मागे-पुढे केला. काही कळेना. काम इतकं सफाईचं होतं की हाताला लागत नव्हतं. फक्त आभाळाला लागत होतं.

"ठोकून बघ," उस्ताद म्हणाले.

रणजितने बोटाच्या पेराने ठोकलं. ठण. पुढे ठोकलं. ठण. अजून पुढे. ठण.

"तिथं न्हाई," उस्ताद म्हणाले. ते गाडीकडे बघतही नव्हते. त्यांची नजर दर्ग्याच्या हिरव्या चादरीवर होती. त्यांनी काठी मावशीच्या हातात दिली, नुसता हात लांब केला आणि थरथरत्या पेराने एका जागी ठोकलं.

ठप.

पुन्हा ठोकलं. ठप.

"लांबी भरलीय आत," रणजित पुटपुटला. खड्डा बुजवायची लांबी. वरून घासलेली, वरून रंगवलेली. "कंपनीचं नाही हे. हे कधीतरी चेपलं होतं. कुणीतरी ठोकून काढलंय... आणि एवढी वर्षं कुणाला पत्ता लागू दिला नाही. संस्थानिकालाही नाही."

उस्तादांची नजर चादरीवरून हलली नाही.

"म्हणजे माझा फर्माच चुकीचा. चुकलेल्या मडगार्डावरून कापला, आणि बरोबर असलेल्याला लावून बघितला." तो खाली बसला, तिथेच चिखलात. "भरमूला कळलं असणार. सगळं आयुष्य पत्र्यात गेलं त्याचं, त्याला कळल्याशिवाय राहील? मग त्यानं आधी हे डावं का नाही काढलं? हे नीट करून मग उजव्याला हात घालायचा. मी असतो तर तेच केलं असतं. त्यानं ह्याला शिवलंसुद्धा नाही. का, उस्ताद?"

कडुलिंबाची सावली सरकून बॉनेटवर आली होती.

"आला हुता एकदा," उस्ताद म्हणाले.

"भरमू? इथं?"

"गाडी घेतल्यावर. ह्याच ओट्यावर बसला हुता."

"काय विचारलं त्यानं?"

"काय न्हाई."

"काहीच नाही?"

"माझे हात दाबून दिले. लई वेळ दाबत बसला. मग उठला अन् गेला."

मावशीने पदराने डोळे टिपले. का टिपले, ते तिलाही सांगता आलं नसतं.

उजव्या मडगार्डावरचं पाणी आता सुकत चाललं होतं. आभाळ कडेकडेने विरत होतं. रणजित उठला, अंगातला सदरा काढला, आणि त्या सदऱ्यानेच पत्रा पुसायला लागला. गंज चढू नये म्हणून. पाळण्यातल्या पोरीचं अंग पुसावं, तसा हलक्या हाताने. माथा पुसला, उतार पुसला, आत हात घालून ते तांदळाएवढे ठसे पुसले. उघड्या अंगाने तो कितीतरी वेळ पुसत होता, आणि पत्रा कोरडा झाला तरी थांबला नाही.

शेवटी सदऱ्याचा बोळा हातात धरून तो उस्तादांपुढे येऊन उभा राहिला. आला तेव्हा होता त्यापेक्षा बुटका दिसत होता.

"आता काय करू मी?"

"करवत आणलीयास?"

"...टेम्पोत हाय."

"मग घे की. कापायचं म्हणूनच आला हुतास न्हवं?"

"उस्ताद, उजव्याला आता माझा हात लागायचा न्हाई."

"उजवं कोण म्हणतंय?" दस्तगीर उस्तादांनी काठी परत घेतली आणि ते ओट्याकडे वळले. "डावं काप. माझं हाय ते."