खांडा आणि खुरपी

महिपतराजांचा खांडा पालखीत बसून साळूशी लग्न लावायला आला, तेव्हा ती मेथीच्या वाफ्यात खुरपत होती.

कुरणगडच्या या राजाला लग्नाची हौस दांडगी, पण लग्नाला जायचा कंटाळा. थोरल्या राणीसाहेबांच्या वेळी ते स्वतः बोहल्यावर उभे होते. दुसरीच्या वेळी शिकार निघाली, तिसरीच्या वेळी झोप लागली. दोन्ही वेळा त्यांनी आपला खांडा, म्हणजे तलवार, पाठवून दिला आणि भटजींनी त्याच्याशी लग्न लावलं. मोठ्या घराण्यांत तशी रीतच होती. आता हत्तीवरून जाताना राजांना साळूच्या मळ्यातला मुळा आवडला. मुळ्यामागं उभी असलेली साळूही आवडली. त्यांनी दोन्ही मागवलं.

खांड्याला नाही म्हणणं म्हणजे राजाला नाही म्हणणं, आणि त्याची शिक्षा बापाचं डोकं. साळूचा बाप राणोजी माळी बांधावर बसून आपलं डोकं चाचपत होता.

साळूनं राजवाडा आतून पाहिला होता. रोज सकाळी मुदपाकखान्यात भाजी तीच पोचवायची. धाकट्या राणीसाहेब खिडकीशी उभ्या असत. एकदा त्यांनी तिला हळूच बोलावून विचारलं, "तू बाहेर हिंडतेस. महाराज दिसतात तरी कसे गं?" लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्या दिवशी घरी येताना साळूला रडू आवरलं नव्हतं, आणि त्या खिडकीत आपण उभं राहायचं नाही हे तिनं तेव्हाच ठरवलं होतं.

तिनं हात धुतले आणि पालखीसमोर जाऊन उभी राहिली.

"कारभारी, हे लग्न खरं ना? उद्या कुणी नाही म्हणायचं."

"खरं म्हणजे? शंभर नंबरी!" कारभारी आबाजीपंत गावाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. "खांडा म्हणजे साक्षात महाराज."

"माणसाला सवड नसली तर त्याचं हत्यार चालतं?"

"चालतं. रीतच आहे तशी."

"मग उडवा बार," साळू म्हणाली.

राणोजीनं डोकं सोडलं आणि मांडव घातला. एका पाटावर खांडा धरून आबाजीपंत बसले. मध्ये अंतरपाट. पलीकडे साळूची मामी नवरीला धरून बसली. भटजींना दोन्ही बाजू दिसत होत्या, पण मंगलाष्टकं डोळे मिटून म्हणायची त्यांना जुनी सवय होती. सावधान झालं, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, अंतरपाट दूर झाला.

पलीकडच्या पाटावर हिरव्या खणात गुंडाळलेली, मुंडावळ्या बांधलेली खुरपी होती. साळू बायकांच्या घोळक्यात उभी होती. हातात उरलेल्या चार अक्षता तिनं आबाजीपंतांच्या डोक्यावर टाकल्या.

दुसऱ्या दिवशी बाप-लेकीला दरबारात उभं केलं. राजांच्या शेजारी खुंटीला खांडा होता आणि त्याला खेटून खुरपी. लग्न लागलेल्या जोडीला वेगळं कोणी करायचं, हे ठरलं नव्हतं म्हणून आबाजीपंतांनी दोघांना एकत्रच टांगलं होतं.

"पोरी, माझ्या खांड्याचं लग्न खुरपीशी लावलंस?"

"महाराजांना सवड नव्हती. मलाही नव्हती. मेथीत गवत माजलंय."

"खांडा म्हणजे मी!"

"होय जी. कारभाऱ्यांनी गावासमोर सांगितलं."

"मग खुरपी म्हणजे तू. लग्न लागलं, तू आमची चौथी राणी झालीस. चल, राहायला ये."

दरबारी वाहवा म्हणाले. राजांनी विडा तोंडात टाकला. "हा चघळून होईतो तुला वेळ. राजवाड्यात न यायचं एक कारण सांग. पण खांडा म्हणजे मी नव्हे, असं म्हणालीस तर बापाचं डोकं गेलं."

साळूनं बापाकडे पाहिलं, मग खुंटीकडे.

"खुरपी म्हणजे मीच, महाराज. कबूल."

राणोजीनं डोळे मिटून घेतले.

"मग मी कालच राजवाड्यात आले. ही काय, आपल्या शेजारीच आहे. गुमान नांदते आहे. आता आणखी कुणाला बोलावताय?"

राजांचं चघळणं थांबलं. "तसं नव्हे. नांदायला बाई स्वतः लागते."

"आणि नांदवायला?"

साळूनं खुंटीवरच्या खांड्याकडे बोट केलं.

"नांदवायला पुरुष स्वतः लागत असेल, तर धाकट्या राणीसाहेबांचं लग्न अजून लागायचंय आणि माझंही. आणि खांडा पुरत असेल, तर माझी खुरपीही पुरते. महाराज म्हणतील ते मला कबूल आहे."

"धाकटीचं तुला काय ठाऊक?"

"त्यांनीच विचारलं होतं, महाराज दिसतात कसे."

"मग? काय सांगितलंस?"

"हत्तीवर लांबून पाहिलेत. पागोटं चांगलं आहे, म्हटलं."

आधी राजांचं पोट हललं, मग खांदे हलले, आणि ते असे हसले की विडा मांडीवर पडला. आबाजीपंतही हसायला निघाले होते, पण राजांनी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा ते थांबले.

भरदरबारात खांड्याची आणि खुरपीची काडीमोड झाली. मळ्याचा सारा कायमचा माफ झाला.

"आणखी माग," राजे डोळे पुसत म्हणाले.

"ज्यांची लग्नं खांड्याशी लागली, त्यांना एकदा विचारा, राहायचं की जायचं. आणि माझी खुरपी तेवढी परत द्या."

राजांनी विचारायला माणूस पाठवला. मधल्या राणीसाहेबांनी कळवलं, राहते. मुदपाकखान्याच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत, त्या सोडून जाणार कुठं? धाकट्यांनी काहीच कळवलं नाही. साळू बाहेर आली, तेव्हा त्या बोचकं घेऊन तिच्या बैलगाडीत बसलेल्या होत्या. माहेर त्याच वाटेवर होतं.

गाडी वेशीपाशी आली तेव्हा त्यांनी विचारलं, "पडद्याआडून बघत होते मी. मघाशी तो लठ्ठ गृहस्थ एवढा हसत होता, तो कोण गं?"

"महाराज."

धाकट्या राणीसाहेबांनी एकदा वळून राजवाड्याकडे पाहिलं.

"बरे दिसतात," त्या म्हणाल्या, आणि पुढं तोंड करून नीट बसल्या.