‘होत आलंय’चा शाप

एका राज्यात एक मंत्रपीठ होतं. मंत्र नीट रचला की तिथला लोखंडी पुतळा पाणी भरी, दळण दळी. मंत्रात एक अनुस्वार चुकला की तोच पुतळा पाणी दळायला बसे. मग रचणारा शिष्य छातीठोक सांगे, “माझ्या कुटीत चालला होता!” राज्यातल्या पोराटोरांनाही हे वाक्य पाठ झालं होतं.

शिष्य पुष्कळ, बाहेर पडणारे थोडे. पीठाला शापच होता तसा. “काम कुठवर आलं?” असं विचारल्यावर, किंवा न विचारताही, शिष्य “होत आलंय” म्हणाला, की तो पायाकडून चार बोटं दगड होई. दगड काळजाला भिडला की त्याचा खांब होई, आणि तो सभामंडपात उभा केला जाई. असे त्र्याऐंशी खांब तिथं होते. शाप सगळ्यांना ठाऊक, पण जित्याची खोड! विचारलं की जीभ तिकडेच वळे. “नाही झालं” म्हणायचं तरी कसं? लोक काय म्हणतील!

तेल्याची लेक हेमांगी या पीठात आली तेव्हा तिचे दोन्ही पाय मऊ होते. आचार्य वज्रनाभ उंच आसनावर बसून म्हणाले, “बाळे, तीन कामं. फक्त एवढी कर, प्रबंध मान्य झाला की घरी जा.” आचार्यांच्या छातीपासून खाली सदा शाल असे. त्यांना उठलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

पहिलं काम, पोथ्यांचा डोंगर चढून मूळ पोथी आणायची. प्रत्येक पोथीत लिहिलेलं, ‘मागची पोथी पाहावी.’ तीन वर्षांनी हेमांगी शिखरावर पोचली. मूळ पोथीत एकच ओळ होती: ‘हे उघडच आहे.’ तोवर दगड तिच्या घोट्यांवर चढला होता.

दुसरं काम, प्रबंधाच्या आराखड्याला तीन घुबडांची संमती मिळवायची. पहिलं म्हणालं, “छान.” तिसरं झोपलेलं होतं, त्याची मान हलली ती होकार धरली. दुसरं मात्र डोळे वटारून म्हणालं, “माझ्या पोथ्यांचा उल्लेख नाही!” हेमांगीनं उल्लेख घातला. “आता तुझं नवीन काय उरलं?” घुबडानं विचारलं. असं दोन वर्षं चाललं. अखेर घुबडच कंटाळलं. दगड गुडघ्यापर्यंत आला.

तिसरं काम खुद्द राजाचं होतं. राजाच्या पणजोबांनी मंत्रावर एक रहाट सुरू केला होता. तो थांबेना, आणि कधी थांबेल का हेही कळेना. राजानं हुकूम काढला, “कुठलाही मंत्र दाखवला की तो थांबेल की नाही, हे अचूक सांगणारा पोपट घडवा.”

हेमांगीनं पोपट घडवला. हिरवागार, चुणचुणीत. शंभर मंत्र दाखवले, शंभर उत्तरं बरोबर आली. मग तिच्या मनात पाल चुकचुकली. तिनं एक खट्याळ मंत्र रचला: ‘पोपटाला माझ्याबद्दलच विचारीन. तो थांबेल म्हणाला तर फिरत राहीन. थांबणार नाही म्हणाला तर तिथंच थांबेन.’ पोपटानं चोच उघडली ती उघडीच राहिली. हेमांगीनं दुसरा पोपट घडवला, तिसरा घडवला. तिन्ही तसेच. आपला हात कमी पडत नाहीये, असा पोपट होणंच शक्य नाही, हे तिला कळलं. सात वर्षं गेली, आता सांगायचं काय?

सभेच्या दिवशी सकाळी आई भागूबाई गावाहून आली. लेक चाकांच्या पाटावर उभी, कमरेच्या वरपर्यंत दगड. भागूबाईनं काही विचारलं नाही, फक्त पदर डोळ्यांना लावला. पण हेमांगीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “होत आलंय, आई.” दगड चार बोटं चढला. आता काळजाखाली चारच बोटं उरली होती.

सभा भरली. राजानं विचारलं, “हेमांगी, काम कुठवर आलं?”

“हो...” जीभ वळली होती. आईच्या हाताची मूठ घट्ट मिटलेली तिला दिसली.

“नाही झालं, महाराज. आणि होणारही नाही. माझ्याच्यानं नाही, कुणाच्यानंच नाही. का नाही, ते दाखवते.”

तिनं खट्याळ मंत्र पोपटापुढे ठेवला. राजा म्हणाला, “राघोबा, हा थांबेल का?”

पोपट डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, आणि शिष्यांत वाढलेला असल्यानं म्हणाला, “होत आलंय!”

सभा खो खो हसली. राजाही हसला. मग त्यानं विचारलं, “आणि माझा रहाट?”

“त्या एकाचं बसून पाहता येईल, महाराज. साऱ्या मंत्रांचं सांगणारा पोपट मात्र मिळणार नाही.”

“कळलं,” राजा म्हणाला. “नाही हेही उत्तरच आहे. प्रबंध मान्य.”

हेमांगीच्या अंगावरचा दगड खपलीसारखा गळला. तेवढ्यात जवळच्या खांबातून आवाज आला, “माझंही नाही झालं!” मग दुसरा, मग दहावा. एकेक खांब माणूस होत गेला आणि छप्पर कडाडलं. त्र्याऐंशी जणांनी हात वर करून ते तोलून धरलं. सभा बाहेर पळाली. आसनावर आचार्य तेवढे बसून राहिले.

“गुरुजी, उठा!” सगळे ओरडले.

हेमांगी आत परत धावली. तिनं शाल ओढली. आचार्य काळजाच्या जरा खालपर्यंत दगड होते. चाळीस वर्षांत त्यांनी साऱ्यांना विचारलं होतं, त्यांना मात्र कुणी विचारलं नव्हतं. स्वतःच्या अपुऱ्या प्रबंधाबद्दल ते मनाशीच अधूनमधून काय पुटपुटत, हे आता कळलं.

हेमांगी खाली बसली. हलकेच म्हणाली, “गुरुजी, तुमचं कुठवर आलं?”

“नाही गं झालं, पोरी,” आचार्य म्हणाले, आणि तिच्या खांद्याला धरून उठले.

दोघं बाहेर आली, मग त्र्याऐंशी जण आले, मग छप्पर पडलं. पुढल्या वर्षी राजानं नवा मंडप बांधला. खांब सागवानी घातले.